नऊ संग्राहकांनी नऊ किमती सांगितल्या, खरी कोणती धरायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडिलांच्या संग्रहात तुम्हाला १७८० साल असलेला चांदीचा मारिया थेरेसा थालर, म्हणजे ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञीचं चित्र असलेलं जुनं मोठं नाणं, सापडला. ओळखीच्या आणि अनोळखी मिळून नऊ संग्राहकांना तुम्ही त्याचे फोटो दाखवले आणि किंमत विचारली. उत्तरं आली ती अशी: ४०, ४५, ५०, ५०, ६०, ६५, ८०, ११० आणि ४००. सगळ्यांची सरासरी १०० निघते. हीच किंमत धरावी, की ४०० सांगणाऱ्याला वगळून उरलेल्या आठ जणांची सरासरी काढावी, असं तुम्ही विचारता. चलनाचं नाव मी मुद्दाम घेत नाही, हिशेब कुठल्याही चलनात तोच राहतो.

माझं उत्तर: यातलं काहीच लगेच करू नका. आधी त्या ४०० वाल्या माणसाला विचारा की त्याने नाण्यात काय पाहिलं.

गेली बरीच वर्षं मी संग्राहकांकडून अंदाज गोळा करून नाण्यांच्या किमती ठरवण्याचं काम करतो आहे. कधी कुटुंबाच्या वाटणीसाठी, कधी विम्यासाठी, कधी लिलावात पहिली बोली किती ठेवावी यासाठी. या कामात मी एक गोष्ट शिकलो, आणि ती तुमच्या नऊ आकड्यांना तंतोतंत लागू पडते. माणसं चुकीचे आकडे सांगतात असं फार क्वचित होतं. बहुतेक वेळा ती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात, आणि आपण ती सगळी एकाच प्रश्नाची समजून बेरीज करून बसतो.

आता तुमचंच नाणं घ्या. सम्राज्ञी मारिया थेरेसा १७८० च्या नोव्हेंबरमध्ये वारली. तिचा थालर तांबड्या समुद्राच्या दोन्ही बाजूंना, अरबस्तानात आणि इथिओपियात, व्यापाऱ्यांच्या इतका विश्वासाचा झाला होता की तिच्या मृत्यूनंतरही तो १७८० हेच साल ठेवून पाडत राहिले. आधी तिच्या हॅब्सबर्ग घराण्याच्या राज्यातल्या टांकसाळींनी, आणि विसाव्या शतकात रोम, लंडन, पॅरिस, ब्रुसेल्स, मुंबई, बर्मिंगहॅम इथल्या टांकसाळींनीसुद्धा. व्हिएन्नात तर तो पुढेही निघतच राहिला. म्हणजे नाण्यावरचं साल तुम्हाला ते केव्हा पाडलं हे सांगतच नाही. ते सांगतात बारीक खुणा: खांद्यावरच्या ब्रोचमधले मोती किती आणि कसे बसवले आहेत, गरुडाच्या शेपटीची पिसं कशी आहेत, अक्षरांमधल्या ठिपक्यांच्या जागा, कडेवरच्या लॅटिन मजकुराची आणि नक्षीची घडण. राणीच्या चित्राखाली एस आणि एफ ही दोन अक्षरं असतात, ती आजच्या जर्मनीतल्या ग्युंझबुर्ग टांकसाळीतल्या शोबल आणि फाबी या अधिकाऱ्यांच्या नावांची आद्याक्षरं. पण ती पुढच्या नकलांवरही तशीच उतरली, त्यामुळे केवळ तेवढ्यावरून काही ठरत नाही.

तुमच्या नऊ जणांपैकी आठ जणांनी बहुधा ‘नंतर पाडलेलं, सगळीकडे मिळणारं नाणं’ असं गृहीत धरून भाव सांगितला. नवव्याने एक तर ब्रोच नीट पाहिला आणि त्याला हा जुना, खुद्द अठराव्या शतकातला ठसा वाटला, किंवा त्याने फक्त १७८० वाचलं आणि बाकी काही पाहिलं नाही. या दोन शक्यतांमध्ये जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिली खरी असेल तर तो एकटाच बरोबर आहे आणि आठ जण चूक. दुसरी खरी असेल तर त्याचा आकडा काढून टाकायचा. पण कोणती खरी ते सरासरी कधीच सांगणार नाही. ती या दोन्ही शक्यतांचं मिश्रण करून जे देते, त्या किमतीचं नाणं अस्तित्वातच नसतं. १०० हा आकडा तुमच्या नऊपैकी एकानेही सांगितलेला नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

म्हणून मी कुणालाही ‘याची किंमत काय?’ असं एका दमात विचारत नाही. आधी विचारतो, हे काय आहे: कोणती टांकसाळ, कोणता काळ, कोणता प्रकार. त्यावर एकमत झालं की, किंवा मतभेद कुठे आहे ते स्पष्ट झालं की, मग विचारतो, याची अवस्था काय, म्हणजे कुठल्या ग्रेडचं आहे. आणि शेवटी, या प्रकारचं या ग्रेडचं नाणं तुम्ही स्वतः केव्हा घेतलं, विकलं किंवा डोळ्यांदेखत विकलं गेलेलं पाहिलं, आणि कितीला. तिन्ही उत्तरं वेगवेगळी आली की गोंधळ नेमका कुठे आहे ते दिसतं. माझा अनुभव असा की नाणं ओळखण्यात अनेक डोळ्यांचा जितका उपयोग होतो, तितका भाव सांगण्यात होत नाही. मोत्यांची मांडणी एकाला दिसली नाही तर दुसऱ्याला दिसते, आणि एकदा दाखवली की सगळ्यांना दिसते. ओळखीच्या बाबतीत पुरावा समोर ठेवता येतो. भावाच्या बाबतीत प्रत्येकाच्या मनातला बाजार वेगळा असतो.

आता समजा ओळख पटली, नाणं नंतरच्या काळात पाडलेलं आहे यावर सगळ्यांचं एकमत झालं आणि ४०० वाल्यानेही ते मान्य केलं. मग उरलेल्या आकड्यांचं काय करायचं? इथे पहिलं पाऊल आकड्यांचं नाहीच, तराजूचं आहे. या थालरचं वजन सुमारे २८.०७ ग्रॅम आणि चांदी हजारात ८३३ भाग, म्हणजे शुद्ध चांदी साधारण २३.३९ ग्रॅम. त्या दिवशीच्या चांदीच्या दराने गुणलं की मोडीचा भाव मिळतो. हा तुमचा तळ. त्याच्या खाली कोणी आकडा सांगितला असेल तर तो नाण्याबद्दल काही सांगत नाही, एवढंच सांगतो की त्या माणसाने आजचा चांदीचा दर पाहिलेला नाही.

आणि इथे एक युक्ती आहे, जी मला फार उशिरा सुचली. चांदी-सोन्याच्या सामान्य नाण्यांसाठी लोकांना पूर्ण किंमत विचारूच नका. ‘मोडीवर किती टक्के जास्त?’ असं विचारा. पूर्ण किंमत विचारली की प्रत्येक जण आपल्या आठवणीतल्या चांदीच्या दराने उत्तर देतो, कोणी गेल्या महिन्याच्या, कोणी चार वर्षांपूर्वीच्या. चांदीचा भाव किती उड्या मारतो हे १९८० च्या जानेवारीत जगाने पाहिलं आहे. तेव्हा तो काही महिन्यांत कितीतरी पट चढला आणि मार्च संपेपर्यंत कोसळला. त्या वर्षाच्या पहिल्या तिमाहीत गोळा केलेले अंदाज एकत्र करून कोणाला काय हाती लागलं असतं? पण ‘मोडीवर पंधरा टक्के’ हे उत्तर दर वर गेला काय किंवा खाली आला काय, बऱ्यापैकी टिकतं, आणि दोन वर्षांपूर्वीचं उत्तर आजच्या उत्तराशेजारी ठेवता येतं. मात्र दुर्मीळ नाण्याला ही पद्धत लावू नका. तिथे धातूचा वाटा इतका किरकोळ असतो की टक्के काढण्यात अर्थ राहत नाही.

मोडीचा हिशेब करतानाही आधी ओळख लागतेच. ब्रिटनची चांदीची नाणी १९१९ पर्यंत ९२.५ टक्के चांदीची, १९२० ते १९४६ पर्यंत ५० टक्के, आणि १९४७ पासून चांदी शून्य, तांबं आणि निकेल. दिसायला जवळजवळ सारखी, राजाही तोच. सालाचा एक अंक पुसट असला तर तळ कुठच्या कुठे सरकतो.

आता सरासरीचा मुद्दा, कारण तुमचा मूळ प्रश्न तोच होता. नाण्यांच्या बाबतीत माणसं बेरजेने चुकत नाहीत, गुणाकाराने चुकतात. साठच्या नाण्याला कोणी वाढवून सांगायचं तर दोनशे चाळीस, चारशे काहीही सांगू शकतो. कमी सांगायचं तर शून्याच्या खाली जाता येत नाही. त्यामुळे साधी सरासरी कायम वरच्या टोकाकडे ओढली जाते. आकडे चढत्या क्रमाने लावून बरोबर मधला उचलला तर तुमच्या यादीत तो ६० येतो, आणि ४०० च्या जागी ४,००० असता तरी ६० च राहिला असता. गणिताची आवड असेल तर सगळ्या आकड्यांचा गुणाकार करून नववं मूळ काढा, ते साधारण ७३ येतं. मी स्वतः मधलाच आकडा वापरतो, कारण तो कोणालाही समजावून सांगता येतो आणि कोणा एकाच्या हट्टाने हलत नाही. वाटणीच्या वेळी चार भावंडं समोर बसलेली असताना या साधेपणाची किंमत कळते.

मधल्या आकड्याचा विषय निघाला की इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांचा दाखला दिला जातो. १९०६ साली इंग्लंडमध्ये प्लिमथच्या पशुप्रदर्शनात एका बैलाचं कापून साफ केल्यावर वजन किती भरेल हे ओळखायची स्पर्धा होती. गॉल्टन यांनी त्या चिठ्ठ्या मिळवल्या आणि पुढच्या वर्षी हिशेब प्रसिद्ध केला. वाचता येण्याजोग्या ७८७ चिठ्ठ्यांचा मधला आकडा १,२०७ पौंड, प्रत्यक्ष वजन १,१९८ पौंड. यावरून लोक म्हणतात, बघा, गर्दी किती शहाणी. मला त्या स्पर्धेतले दुसरेच तपशील महत्त्वाचे वाटतात. चिठ्ठीला सहा पेन्स मोजावे लागत, त्यामुळे उगीच काहीतरी लिहिणारे दूर राहिले. प्रत्येकाने आपला अंदाज स्वतंत्र चिठ्ठीवर लिहिला. भाग घेणाऱ्यांत खाटीक होते, शेतकरी होते, रोज जनावरं पाहणारे. आणि शेवटी बैलाचं खरंच वजन झालं. नाण्याचा अंदाज विचारताना यातलं बहुतेक वेळा काहीच नसतं. सांगणाऱ्याच्या खिशाला झळ नसते, तो त्या प्रकारची नाणी हाताळतो की नाही ते माहीत नसतं, आधीच्या माणसाने काय सांगितलं ते त्याने ऐकलेलं असतं, आणि नाणं विकलं जात नाही तोवर तराजूच नसतो.

यातली ‘आधीच्याचं ऐकलेलं असणं’ ही बाब सगळ्यांत घातक. २०११ साली झ्युरिकच्या संशोधकांनी १४४ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. स्वित्झर्लंडचा भूगोल आणि गुन्ह्यांची संख्या यांवरच्या प्रश्नांना त्यांनी आकड्यांत उत्तरं द्यायची होती. काही गटांना इतरांची उत्तरं दाखवली आणि आपलं उत्तर बदलायची मुभा दिली. उत्तरं एकमेकांच्या जवळ सरकली, पण खऱ्या आकड्याच्या जवळ मात्र गेली नाहीत. आणि आपण बरोबर आहोत ही खात्री उलट वाढली. तुमच्या यादीत ५० दोनदा आहे. ते दोघे एकमेकांना न भेटता ५० वर आले असतील तर ती दोन मतं. दुसऱ्याने पहिल्याचं ऐकून मान डोलावली असेल तर ते एकच मत. म्हणून मी प्रत्येकाला एकट्याने विचारतो, दुसऱ्यांचे आकडे सांगत नाही, आणि स्वतःचा अंदाज तर मुळीच बोलून दाखवत नाही. विचारणाऱ्याच्या तोंडून निघालेला पहिला आकडा सगळ्या उत्तरांना दावणीला बांधतो.

या बाबतीत माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. एका नाण्यासाठी मी अकरा जणांना स्वतंत्रपणे विचारलं होतं. अकराही उत्तरं एका अरुंद पट्ट्यात आली, वरचा आणि खालचा आकडा यांत दहा टक्क्यांचाही फरक नाही. मला वाटलं, याहून पक्कं काय हवं. त्या आकड्यावर एका कुटुंबाने वाटणी केली. नंतर ते नाणं विकायला गेले तेव्हा निम्म्याहून थोडंच जास्त मिळालं. मी पुन्हा एकेकाकडे गेलो आणि विचारलं, हा आकडा तुम्ही कुठून काढला? अकराच्या अकरा जणांनी एकच छापील कॅटलॉग उघडून त्यातला भाव थोडा इकडे-तिकडे करून सांगितला होता, आणि ती आवृत्ती कित्येक वर्षं जुनी होती. उत्तरं अकरा होती, साक्षीदार एकच. त्या कुटुंबाचं जे नुकसान झालं ते माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. तेव्हापासून ‘किती?’ च्या आधी ‘कशावरून?’ हा प्रश्न मी कधी सोडत नाही. उत्तरांमध्ये फार एकवाक्यता दिसली की आता मी आनंदी होत नाही, सावध होतो.

‘कशावरून?’ विचारलं की उत्तरांची वजनं आपोआप वेगळी होतात. ‘मी मागच्या वर्षी याच ग्रेडचं याला घेतलं’ हे सोनं. ‘लिलावात इतक्याला गेलेलं पाहिलं’ हेही चांगलं, पण पुढे विचारा: तो आकडा हातोडी पडली तेव्हाचा, की खरेदीदाराचं कमिशन धरून? लिलावगृहं घेणाऱ्याकडून वेगळं कमिशन घेतात, आणि बरेचदा विकणाऱ्याकडूनही कापतात. एकाच व्यवहाराचे तीन आकडे होतात: घेणाऱ्याने भरलेला, हातोडीचा, आणि विकणाऱ्याच्या हाती पडलेला. तिन्ही खरे. तुम्हाला यातला कोणता हवा हे तुम्ही कशासाठी विचारता यावर ठरतं. ‘विक्रीला इतक्याला ठेवलेलं पाहिलं’ हे मात्र अगदी हलकं उत्तर. मागितलेली किंमत ही विकणाऱ्याची इच्छा असते. जे नाणं त्या किमतीला महिनोन्‌महिने पडून आहे, ते तर त्या किमतीला जात नाही याचाच पुरावा आहे. तरी डोळ्यांसमोर तेच राहतं, कारण विकलं गेलेलं नाणं दिसेनासं होतं आणि न विकलेलं दिसत राहतं.

लिलावाच्या बाबतीत आणखी एक. एखादं नाणं अचानक फार वर गेलं की तो आकडा सगळ्यांच्या तोंडी होतो. पण वर जायला दोन हट्टी माणसं पुरतात. त्यातल्या एकाला ते मिळालं की तो बाजूला होतो, आणि पुढच्या वेळी तसंच नाणं आलं तर उरलेल्या एकट्याशी झुंजायला कोणी नसतं. म्हणून मला जिंकलेल्या बोलीपेक्षा त्याच्या जरा मागे कोण कुठे थांबलं यात जास्त रस असतो. तिसऱ्या-चौथ्या माणसाने जिथे हात खाली घेतला, तिथे बाजार खरा उभा असतो. आणि लिलावात न विकल्या गेलेल्या नाण्यांची आठवण कोणी ठेवत नाही. ज्यांनी ठेवली आहे असे संग्राहक भेटले तर त्यांना सोडू नका.

ग्रेडबद्दल थोडं सविस्तर बोलावं लागेल, कारण वरवर भावाचे वाटणारे बहुतेक वाद खरं तर ग्रेडचे असतात. आज बऱ्याच ठिकाणी नाण्यांची अवस्था १ ते ७० अंकांत सांगतात. ही मोजपट्टी अमेरिकी नाणे-अभ्यासक विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली अमेरिकेच्या सुरुवातीच्या काळातल्या मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली. ७० हा आकडा कुठून आला याचा विचार सहसा कोणी करत नाही. तो मुळात किमतीचा आकडा होता. जेमतेम ओळखू येणाऱ्या नाण्याची किंमत एक धरली, तर अगदी निर्दोष नाण्याची सत्तर पट, अशी ती कल्पना. ग्रेड आणि मूळ किंमत यांचा गुणाकार केला की भाव मिळावा, इतकं सरळ गणित. बाजाराने ते फार काळ चालू दिलं नाही. वरच्या ग्रेडच्या नाण्यांसाठी माणसं सत्तर पटीच्या कितीतरी पुढे गेली. गणित मागे पडलं, अंक राहिले. आज वरच्या टोकाला एका अंकाच्या फरकाने किंमत दुप्पट-तिप्पट होऊ शकते, आणि खालच्या टोकाला पाच अंकांच्या फरकाने फारसं काही होत नाही.

याचा तुमच्याशी संबंध असा की ८० आणि ११० सांगणाऱ्यांनी तुमचं नाणं जवळजवळ न वापरलेलं समजलं असेल, आणि ४० वाल्याने झिजलेलं. फोटो दोघांनी एकच पाहिला. समोरून फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत झीज लपते आणि चमक खोटी दिसते. प्रकाश एका बाजूने तिरपा पडू द्या, दोन्ही बाजू घ्या, कडेचा फोटो वेगळा घ्या, आणि वजन ग्रॅमच्या दोन दशांश स्थळांपर्यंत लिहा. नाणं घासलेलं किंवा पॉलिश केलेलं आहे का, हा प्रश्न स्वतंत्र विचारा. घासलेल्या नाण्यावरचं मूळ पाणी गेलेलं असतं आणि पृष्ठभागावर एकाच दिशेने बारीक रेषा दिसतात. अनुभवी माणूस हातात घेताच ओळखतो, फोटोवरून मात्र फसतो. आणि तुम्ही स्वतः ते नाणं कृपा करून घासू नका. काळवंडलेलं दिसतंय, जरा उजळून फोटो काढू, हा मोह अनेक चांगल्या नाण्यांना नडला आहे.

१९८६ आणि १९८७ साली पीसीजीएस आणि एनजीसी या ग्रेड देणाऱ्या संस्था सुरू झाल्या. त्या नाणं तपासून, ग्रेड लिहून प्लास्टिकच्या बंद डबीत देतात. यामुळे ग्रेडचा वाद पूर्ण मिटला असं नाही, पण दोन व्यवहारांची तुलना बरीच सोपी झाली. तुमच्यासारख्या सामान्य थालरसाठी हा खर्च करण्यात अर्थ नाही. अठराव्या शतकातला निघाला तर मात्र विचार करा.

विचारलेल्या माणसाचं स्वतःचं नाणं किंवा स्वतःचा हेतू उत्तरात मिसळतो, हेही धरून चाला. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग दिले होते. ज्यांना मिळाले त्यांनी ते विकायला जी किंमत मागितली, ती न मिळालेल्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या दुपटीहून जास्त होती. कॉफीचे मग तेच, फक्त हातात आले एवढाच फरक. ज्या संग्राहकाकडे तुमच्यासारखं नाणं आहे तो जरा वर सांगणार, ज्याला ते घ्यायचं आहे तो जरा खाली. यात लबाडी असतेच असं नाही. म्हणून मी विचारतो, तुमच्याकडे हे आहे का, आणि हवं आहे का. दोन्ही बाजूंचे पुरेसे लोक असले की मधला आकडा बराच सरळ येतो. सगळे एकाच बाजूचे असले तर कितीही जण विचारा, कल तसाच राहतो.

माझ्याकडे एक वही आहे. प्रत्येक अंदाज कोणी, कधी, कशावरून सांगितला ते त्यात आहे, आणि नाणं पुढे विकलं गेलं तर खरा आकडा शेजारी लिहिलेला. या वहीमुळे मला माणसं वाचता येऊ लागली. एक ज्येष्ठ संग्राहक कायम साधारण पाचवा हिस्सा कमी सांगतात, वर्षानुवर्षं, कुठल्याही नाण्याला. त्यांचं उत्तर मला फार मोलाचं आहे, कारण त्यांची चूक एकसारखी आहे आणि ती भरून काढता येते. कधी अचूक, कधी दुप्पट, कधी निम्मं सांगणाऱ्या जाणकारापेक्षा ते मला बरे. तुम्हाला संग्रहातली बरीच नाणी विचारायची असतील तर अशी वही आजच सुरू करा.

आता एक मर्यादा, जिच्यावर कुठलाही उपाय नाही. सगळ्या जाणकारांना एकच गोष्ट माहीत नसेल तर सगळे मिळून चुकतात. अमेरिकेचा १९०३ सालचा न्यू ऑर्लिन्स टांकसाळीचा ‘मॉर्गन डॉलर’ हा चांदीचा डॉलर घ्या. पाडलेली नाणी चाळीस लाखांहून जास्त, पण १९१८ च्या पिटमन कायद्याखाली २७ कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले गेले होते, आणि न वापरलेला १९०३ चा हा न्यू ऑर्लिन्सचा डॉलर जवळजवळ कुणी पाहिलेलाच नव्हता. तो या मालिकेतला सर्वांत दुर्मीळ मानून भाव चढला. सगळे तज्ज्ञ एकमताने तेच म्हणत होते, आणि त्यांना माहीत असलेल्या पुराव्यावरून ते बरोबरही होते. १९६२ च्या अखेरीस सरकारी तिजोरीतून बंद पिशव्या बाहेर आल्या आणि त्यांत ही नाणी भरभरून निघाली. भाव एका फटक्यात कोसळला. संग्राहकांच्या संग्रहांत काय आहे ते संग्राहक सांगू शकतात. तिजोरीत, जमिनीखाली, कोणाच्या ट्रंकेत काय आहे ते नाही सांगू शकत.

नुमिस्ता या संकेतस्थळासारख्या, संग्राहकांनी मिळून भरलेल्या सामायिक कॅटलॉगमधल्या दुर्मिळतेच्या निर्देशांकालाही हेच लागू. ० ते १०० मधला तो आकडा सभासदांच्या संग्रहांत ते नाणं किती जणांकडे आहे यावरून काढलेला असतो, आणि तसं तिथे स्पष्ट लिहिलेलंही असतं. फार उपयोगी आकडा आहे, मी रोज पाहतो. पण ज्या प्रदेशातले सभासद कमी तिथली साधी नाणीही त्यात दुर्मीळ दिसतात. शिवाय दुर्मीळ म्हणजे महाग असं नसतं. ज्या नाण्याला शोधणारेच चार जण आहेत, ते पाचच उरलेले असले तरी स्वस्त राहतं.

शेवटी किंमत लिहायची कशी? एक आकडा लिहू नका, पट्टा लिहा, आणि त्याच्याबरोबर तारीख, गृहीत धरलेला ग्रेड, किती जणांनी प्रत्यक्ष व्यवहारावरून सांगितलं ते, आणि कुठल्या कामासाठी. विम्यासाठी तसंच नाणं पुन्हा विकत घ्यायला काय पडेल तो वरचा आकडा. विकायचं असेल तर व्यापारी त्याचा नफा ठेवून काय देईल तो खालचा. भावंडांत वाटायचं असेल तर मधला, सगळ्यांना एकाच पद्धतीने. दोन-तीनच उत्तरं मिळाली असतील तर मध्य काढण्याचा खटाटोप नको. त्यांतलं ज्याच्यामागे खरा व्यवहार आहे ते घ्या आणि तसं लिहून ठेवा.

तुमच्या थालरपुरतं आत्ता एवढं करा. बारीक तराजूवर वजन घ्या. २८ ग्रॅमच्या आसपास भरलं नाही, तर किमतीचा विषय तिथेच थांबवून नाणं खरं आहे का ते आधी तपासून घ्या, या थालरच्या खोट्या प्रती पुष्कळ आहेत. वजन बरोबर भरलं तर ब्रोच, गरुडाची शेपटी आणि कड यांचे तिरप्या प्रकाशातले जवळचे फोटो काढा आणि ते फक्त ४०० वाल्याला पाठवा. बाकीच्यांनी काय सांगितलं ते त्याला सांगू नका. त्याचं उत्तर आलं की उरलेल्या आठ जणांना ‘मोडीवर किती टक्के आणि कशावरून’ हे वेगवेगळं विचारा.